आदेश येतो तेव्हा भाजी चिरून झालेली असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुधवारी, २१ एप्रिल २०२१ला रात्री राज्य सरकारचा कोरोना निर्बंधांचा नवा आदेश निघाला आणि गुरुवारी रात्री ८ वाजता तो लागू झाला. लग्न एकाच कार्यालयात, दोन तासांत, २५ माणसांत उरकायचे. नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड आणि कार्यालयाला टाळे. आदेश निघणे आणि लागू होणे यात एक पूर्ण दिवससुद्धा नव्हता. त्या मधल्या वेळात लग्नघरांत आणि आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरांत काय चालले होते, ते सरकारपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

मी धायरीत केटरिंगचा व्यवसाय करते. दोन आचारी, पोळ्या लाटणाऱ्या पाच-सहा मावश्या आणि ऑर्डर असेल तेव्हा वाढपाला मुले, एवढा आमचा पसारा. पूर्वी चारशे-पाचशे पानांच्या ऑर्डरी असत, गेल्या वर्षापासून त्या पन्नास पानांवर आल्या. यंदा आधी गुरूचा, मग शुक्राचा अस्त असल्याने जानेवारीनंतर मुहूर्तांचा दुष्काळच होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुहूर्त उघडणार, म्हणून फेब्रुवारीतच लोकांनी कार्यालये धरली आणि आम्ही विसार घेतले. त्या विसारातून भट्टीची दुरुस्ती झाली, मावश्यांना उचल दिली. हा पैसा गल्ल्यात बसून राहत नाही, आला तसा पुढे जातो.

आता एप्रिलचे दिवस पाहा. २ तारखेला शुक्रवारी पुण्यात जाहीर झाले की दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ६ ते सकाळी ६ संचारबंदी आणि पीएमपी बंद. लग्नाला ५० जणांची परवानगी होती, पण त्या लग्नाच्या पोळ्या लाटणारी मावशी कात्रजहून बसने येते. तिने यायचे कसे, याचा विचार कोणी केला? ४ तारखेला रविवारी मंत्रिमंडळाचा निर्णय झाला, सोमवारी रात्री ८ पासून लागू. शनिवार-रविवार लॉकडाऊन असे सगळ्यांनी ऐकले आणि आदेश हातात आला तेव्हा कपडे, भांडी, सराफ ही दुकाने ३० तारखेपर्यंत सातही दिवस बंद, असे त्यात निघाले. व्यापारी लक्ष्मी रस्त्यावर फलक घेऊन उभे राहिले ते त्यामुळे. त्यांना काहींनी स्वार्थी ठरवले. मला ते पटत नाही. पाडव्यासाठी माल भरून ठेवलेल्या माणसाला सोमवारी कळते की मंगळवारी कुलूप लावायचे, तर तो बोलणारच. मग १३ तारखेला, पाडव्याच्याच रात्री, मुख्यमंत्र्यांनी १५ दिवसांची संचारबंदी सांगितली आणि लग्नाची माणसे ५० वरून २५ झाली. आणि २१ तारखेला हा दोन तासांचा नियम. वीस दिवसांत चार आदेश, आणि चारही वेळा हातात एखादा दिवस.

गुरुवारी काय झाले ते सांगते. आमच्याकडे रविवारी, २५ तारखेला एक लग्न होते. वधूपित्याने बुधवारी रात्री अकराला फोन केला, "ताई, उद्या सकाळीच उरकून घेतो, जमेल का? रात्री आठच्या आत झाले पाहिजे." मी कार्यालयात विचारले तर अशी आणखी दोन लग्ने त्याच दिवशी, त्याच सभागृहात यायला निघालेली. सकाळी एकाच्या अक्षता पडत होत्या, तेव्हा दुसऱ्याची मंडळी दारात उभी आणि तिसऱ्याचे सामान टेम्पोतून उतरत होते. तीन दिवसांत विभागली जाणारी माणसे एकाच सकाळी एका दारात जमली. गर्दी मोडायला काढलेल्या आदेशाने ही गर्दी जमवली. जाहीर झालेली वेळ आणि लागू होण्याची वेळ यांत जितके कमी अंतर, तितकी लोकांची झुंबड जास्त. १३ तारखेनंतर किराणा दुकानांसमोर हेच झाले, शुक्रवारी संध्याकाळी भाजीसाठी हेच होते.

ज्यांना लग्न गुरुवारीच उरकता आले नाही, त्यांच्यापैकी एका घरची ऑर्डर शुक्रवारची होती. दही विरजून झाले होते, खवा आला होता, भाजी मार्केट यार्डातून आणून निवडून, चिरून झाली होती. दोन तासांत विधी आणि जेवण दोन्ही बसत नाही म्हणून त्यांनी जेवणच रद्द केले. त्यांचा मला राग नाही. भटजी, फोटोग्राफर, वाढपी हे पंचवीसांत धरायचे की नाही, हे त्यांनी दोन पोलीस चौक्यांत विचारले आणि दोन उत्तरे मिळाली. मुलीच्या लग्नात ५० हजारांचा दंड कोण ओढवून घेईल? त्यांनी विसार परत मागितला. त्यांचेही खरे आहे. कार्यालयवाला भाडे परत देत नाही, कारण त्यानेही वीजबिल आणि मालकाचे पैसे भरलेत. भुसारवाला नेलेला माल परत घेत नाही. असे सरकत सरकत नुकसान शेवटी त्या मावशीच्या पदरात येऊन थांबते, जिला दिवसाच्या मजुरीशिवाय काही नाही. १३ तारखेच्या मदतीत नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर, घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षाचालक यांना दीड हजार रुपये आहेत. दिले ते चांगलेच केले. पण लग्नात पोळ्या लाटणारीची नोंद कुठल्या मंडळात होते? माझ्याकडच्या एकीचेही नाव कुठल्याच यादीत नाही.

वाढपाला येणारी मुले बहुतेक नांदेड-परभणीकडची, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारी. त्यांना तर या घाईची सवयच करून दिली आहे. लोकसेवा आयोगाची १४ मार्चची परीक्षा ११ मार्चला पुढे ढकलली, मुले निषेधाला रस्त्यावर उतरली तेव्हा २१ मार्चला घेतली. ११ एप्रिलची परीक्षा ९ एप्रिलला पुढे गेली. आजारी पोरांना परीक्षेला बसवा असे कोणी म्हणत नव्हते. पण खोलीचे भाडे, मेसचे पैसे भरून थांबलेल्या मुलाला दोन दिवस आधी 'आता नाही' असे सांगायचे, हे एकदा समजू शकते, दर वेळी नाही.

मी निर्बंधांच्या विरोधात नाही, हे नीट वाचावे. ज्या बुधवारी हा आदेश निघाला, त्याच दिवशी नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक माणसे गेली. आमच्या आचाऱ्याचा भाऊ बेडसाठी पुणे पालथे घालत होता. अशा वेळी पाचशे पानांची पंगत बसवा म्हणणारी मी नव्हे. पंचवीस म्हणा, दहा म्हणा, लग्ने महिनाभर थांबवा म्हणा, आम्ही थांबू.

विषाणू नोटीस देऊन येत नाही, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी सुनावले. पण ही लाट एका रात्रीत आलेली नाही. अमरावतीत २२ फेब्रुवारीला लॉकडाऊन लागला. त्याच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री आठ दिवस परिस्थिती पाहू म्हणाले होते, आणि २ एप्रिलला पुन्हा इशारा दिला. इशारे वेळेवर आले, हे मी मान्य करते. पण इशाऱ्यावर कोणी ऑर्डर रद्द करू शकत नाही, विसार परत मागू शकत नाही. त्याला तारीख आणि नियम लागतात. जे मार्चमध्ये दिसत होते, त्याचे टप्पे मार्चमध्येच छापून देता आले असते: रुग्ण इतके झाले की लग्न इतक्या माणसांत, त्याहून वाढले की बंद. मग वधूपित्याने आणि मी त्याप्रमाणेच बोलणी केली असती.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आधी ठरलेल्या कार्यांसाठी नवा नियम लागू होण्यापूर्वी किमान तीन दिवस द्यावेत. ज्या संध्याकाळी भाषण होते, त्याच संध्याकाळी लेखी आदेश मराठीत यावा आणि तोच कागद प्रत्येक चौकीत असावा. २५ मध्ये कोण धरायचे ते त्यात लिहावे. सरकारी आदेशाने कार्य रद्द झाले तर कार्यालय, केटरर आणि घरचे यांनी नुकसान कसे वाटून घ्यायचे, याचा एक नियम करावा, म्हणजे आम्ही एकमेकांशी भांडणार नाही. आणि केटरिंगमधल्या मजुरांची नोंदणी घरेलू कामगारांसारखी सुरू करावी.

सध्याच्या आदेशाची मुदत १ मे रोजी सकाळी ७ वाजता संपते. २ मेच्या एका लग्नाची ऑर्डर माझ्याकडे आहे. सामान भरायचे तर मला २९ तारखेला मार्केट यार्डात गेले पाहिजे. मुदत वाढवायची असेल तर जरूर वाढवा, पण बुधवारपर्यंत सांगा.

— एक केटरिंग व्यावसायिक, धायरी, पुणे
२५ एप्रिल २०२१