रखवालदार वाढवून कॅज्युअल्टी सुधारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅज्युअल्टीत डॉक्टरला मारहाण झाली की दोन गोष्टी ठरलेल्या. निवासी डॉक्टर काम बंद ठेवतात आणि प्रशासन दारावर रखवालदार वाढवते. कायदाही २०१० पासून आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या मते भांडण दारात पेटत नाही, ते ट्रॉलीपाशी पेटते. भोर किंवा वेल्ह्याहून १०८ने आणलेला रुग्ण तपासून झालेला असतो, सलाइन चालू असते, भरतीचा कागदही झालेला असतो आणि वर वॉर्डात बेड नसतो. नातेवाईक दर दहा मिनिटांनी विचारतात, "सिस्टर, आमचं काय झालं?" उत्तर द्यायला असतो आदल्या सकाळपासून ड्युटीवर असलेला एक पोरगेला डॉक्टर.

या ताटकळण्याचा हिशेब इंग्लंडमध्ये मांडला गेला आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयांतील लाखो रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. भरती करायचे ठरलेल्या रुग्णांना बेड मिळायला आल्यापासून सहा ते आठ तासांहून अधिक वेळ लागला, तर अशा दर ८२ रुग्णांमागे महिनाभरात एक जादा मृत्यू, असा त्याचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे सहा तास ही तक्रारसुद्धा समजली जात नाही.

बरे, बेड खरोखरच नसतात का? नेहमी नाही. डिस्चार्ज सकाळच्या राउंडला ठरतो, पण कागद हलायला संध्याकाळ होते. काही बेड फोनवरून 'राखून' ठेवलेले असतात, ते कोणासाठी, हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक असते. खाली मात्र "बेड नाही" हे सांगण्याची वेळ ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्यावर येते.

दुसरी गोष्ट कामाच्या तासांची. निवासी डॉक्टरांना दिवसाला १२ तास, आठवड्याला ४८ तास काम असावे, असे केंद्राचे निर्देश १९९२ सालचे आहेत. सलग ३६ तास ड्युटी करणारे डॉक्टर तुम्हाला आजही सहज भेटतील. २००४ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयात लांबलचक ड्युट्या आणि कमी तासांचे वेळापत्रक यांची तुलना झाली, तेव्हा लांब ड्युटीत शिकाऊ डॉक्टरांच्या गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक निघाल्या. तो अभ्यास आयसीयूतला होता. कॅज्युअल्टीत तर एका जागी दोन मिनिटे शांतपणे उभे राहता येत नाही: ऑस्ट्रेलियातील एका कॅज्युअल्टीच्या निरीक्षणात डॉक्टरांच्या कामात तासाला सरासरी ६.६ वेळा व्यत्यय आला आणि मध्येच सुटलेल्या कामांपैकी १८.५ टक्के कामांकडे ते परत वळलेच नाहीत.

ड्युट्या छोट्या केल्या की हँडओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवणे, वाढतात, त्यात माहिती गळते, असे वरिष्ठ सांगतात. ते खरे आहे. "तीन नंबरला बघून घे" एवढाच हँडओव्हर मी पाहिला आहे. पण ठरावीक क्रमाने, लेखी आणि तोंडी हँडओव्हर शिकवला, तर अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांत चुका २३ टक्क्यांनी घटल्या. त्याला फारसा पैसा लागत नाही, वरिष्ठांना वेळेवर हजर राहावे लागते.

या सगळ्यात सिस्टर, मामा, मावशी कुणाच्या खिजगणतीत नाहीत. नातेवाइकांच्या पहिल्या शिव्या आम्ही खातो, चौकशी समितीत मात्र आमची खुर्ची नसते.

माझी मागणी साधी आहे. ससून आणि महापालिकेची रुग्णालये यांनी, तसेच सरकारी सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी, दरमहा दोन आकडे फलकावर लावावेत: कॅज्युअल्टीतून वॉर्डात जायला रुग्णाला लागलेला वेळ आणि तिथल्या डॉक्टर-सिस्टरांची सर्वांत लांब सलग ड्युटी. रुग्ण आल्याची वेळ केसपेपरवर असते, भरतीची वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये, ड्युटीचा तक्ता भिंतीवर. दोन्ही आकडे काढायला एक कारकून पुरेल. आपल्या वार्ताहरांनीही पुढच्या मारहाणीच्या बातमीत किती काचा फुटल्या यासोबत तो रुग्ण ट्रॉलीवर किती तास होता, हे विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इनचार्ज सिस्टर,
कोथरूड, पुणे