बाबा, भिंतीला सिमेंट लावू नका

फ्लॉरेन्स

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि दोघांचेही प्रश्न अर्धेच राहतात, म्हणून लिहून पाठवते. आईला माझ्या जेवणाची काळजी, बाबांना आपल्या माजघराच्या ओल्या भिंतीची. आईचं आधी, कारण ते लवकर उरकेल.

आई, इथं उपाशी राहायचं म्हटलं तरी जमायचं नाही. हरभऱ्याचं पीठ कुठल्याही दुकानात मिळतं, पाकिटावर 'फारिना दी चेची' असं लिहिलेलं असतं. त्याचं पिठलं होतं. अख्खा मसूर इथल्या लोकांच्याही खाण्यातला. लोणी बिनमिठाचं येतं, त्यामुळं कढवता येतं. २५० ग्रॅमच्या पाकिटाचं २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, फक्त आच मंद हवी. इथल्या पावात मीठच नसतं. नवीन माणूस तोंड वाकडं करतो, पण आपल्या तिखट कालवणाबरोबर तोच बरा लागतो. दुपारी विद्यार्थ्यांच्या खानावळीत जेवलं की रात्री एक भाजी पुरते.

कागदपत्रांचं थोडक्यात. आल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो. कार्ड यायला महिने लागतात. तोवर पोस्टाची पावती आणि पासपोर्ट कायम जवळ. विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेव्हा "पूर्णवेळ नोकरी का धरत नाहीस" हे काकांना तुम्हीच समजावा.

आता बाबा, तुमच्यासाठी. इथलं रोजचं काम ऐकून तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी इटली कशाला, आपल्या गवंड्याच्या हाताखाली राहिली असतीस. खोटं नाही ते. ओल्या गिलाव्यावरचं चित्र, म्हणजे फ्रेस्को, निम्मं गवंडीकामच आहे. चुना पाण्याखाली निदान काही महिने मुरलेला लागतो. खालच्या थराला एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग जाड वाळू. जाडी साधारण १ सेंटिमीटर, आणि तो मुद्दाम खरखरीत ठेवायचा. वरचा थर ३ ते ५ मिलिमीटरचा, एकास एक किंवा एकास दीड, त्यात बारीक वाळू नाहीतर संगमरवराची भुकटी. वाळू नदीचीच, तीही धुतलेली. मूठभर वाळू पेल्यात घालून पाणी हलवायचं. पाणी गढूळ राहिलं तर पुन्हा धुवायची. माती राहिली की सुकताना बारीक भेगा पडतात आणि मग सगळी मेहनत पाण्यात.

वरचा थर सकाळी लावायचा, तोही त्या दिवसात रंगवून होईल एवढाच. मग तास-दीड तास हात बांधून बसायचं. बोट टेकवलं की ओल लागते पण ठसा उमटत नाही, तेव्हा सुरुवात करायची. चित्राच्या कागदाला रेषेरेषेवर टाचणीनं भोकं पाडलेली असतात. तो भिंतीला धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची, म्हणजे आईच्या रांगोळीच्या छाप्यासारखे ठिपके उमटतात. रंग नुसत्या पाण्यात कालवलेले. डिंक नाही, सरस नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून परत चुनखडीचा दगड व्हायला लागतो आणि रंगाचे कण त्या पापुद्र्यात कायमचे अडकतात. भिंत असा रंग सहा-आठ तास पिते. ब्रश अडखळायला लागला, रंग वरच राहून पांढुरका दिसला की थांबायचं. हट्टानं रेटलेला भाग पुढं खडूसारखा बोटाला येतो. उरलेला कोरा गिलावा सुरीनं तिरका कापून टाकायचा, उद्याचा त्याला भिडवायचा. ही कापणी कपड्याच्या किंवा झाडाच्या कडेनं करतात, गालावरून कधी नाही. काम वरून खाली, नाहीतर आजचे ओघळ कालच्या चेहऱ्यावर.

हे जोड मोबाईलची बॅटरी भिंतीच्या कडेनं धरून तिरका उजेड टाकला की दिसतात. वाईला जाल तेव्हा मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या चित्रांवर असा उजेड टाकून बघा (आधी विचारून, हात न लावता) आणि काय दिसतं ते कळवा. मला फार उत्सुकता आहे.

रंगांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, हे सगळं चुन्याशी पटवून घेतं. आई, सांगलीची हळद मात्र इथं कामाची नाही. चुन्याला लागली की लाल होते, कुंकवाची कृतीच ती, आणि उजेडात तो रंगही टिकत नाही. शिशाचा पांढरा त्याहून दगाबाज. असिसीला चिमाबुए या चित्रकारानं तो भिंतीवर वापरला. आज तिथं उजळ असायचे ते भाग काळवंडलेले दिसतात.

असिसीचं निघालंच आहे तर फिरण्याचंही सांगते. सुट्टीत आम्ही भिंतीच बघत हिंडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण रांग एवढी की सकाळी लवकर पोचलं तरच अर्थ आहे. जवळच्या गावांना साध्या लोकल गाड्यांनी जायचं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठसा मारल्याशिवाय गाडीत चढायचं नाही. तिकीट काढलेलं असलं तरी दंड होतो. सिएनाला आगगाडीपेक्षा बस बरी, गावाच्या जास्त जवळ सोडते. पादुआला जोत्तो या चित्रकारानं १३०५च्या सुमारास रंगवलेलं छोटं चॅपेल आहे. तिथं आधी नाव नोंदवावं लागतं, मग पाव तास एका बंद खोलीत बसवतात, म्हणजे आपल्या अंगाबरोबरची ओल आणि धूळ आत जात नाही, आणि मग पाव तासच आत. पाहण्याची यादी आधी केली नाही तर वेळ मान वर करण्यातच जातो. मिलानला लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे भिंतीवरचं चित्र तेवढाच वेळ दाखवतात. त्यानं ते ओल्यात न रंगवता सुक्या भिंतीवर केलं, सावकाश फेरफार करता यावेत म्हणून. त्याच्या हयातीतच ते सुटायला लागलं होतं.

आणि आता मुख्य गोष्ट. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदी इथं फ्लॉरेन्समध्ये शिरली. सांता क्रोचे भागात पाणी सहा मीटरच्या वर चढलं. थंडीचे दिवस, तळघरांत घरं तापवायचं तेल साठवलेलं. ते पाण्यात मिसळलं आणि भिंतींवर काळी रेघ ओढून गेलं. पण चित्रांचं मोठं नुकसान पाणी ओसरल्यावर झालं. भिंतीत मुरलेलं पाणी क्षार विरघळवून वर चढतं, पृष्ठभागावर सुकतं, क्षारांचे स्फटिक होतात आणि ते आतून रंगाला ढकलून पाडतात. आपण ज्याला लोणा म्हणतो तोच हा. इथल्या एनझो फेर्रोनी या रसायनतज्ज्ञानं आणि दिनो दिनी या संवर्धकानं त्यावर अमोनियम कार्बोनेट आणि मग बेरियम हायड्रॉक्साइडचा लेप अशी रीत बसवली. ती घरी करायची नाही, बेरियम विषारी असतं. पण त्यामागचा विचार आपल्या माजघराच्या भिंतीला लागू आहे.

गवंडी म्हणतात, खरवडून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट. बाबा, ते करू नका. २०१९च्या पुरापासून जी ओल आत आहे तिला बाहेर यायची वाट हवी. सिमेंटनं ती बंद झाली की पाणी आणखी वर चढतं, गिलाव्याच्या मागे मीठ साठतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय सिमेंट स्वतःचेही क्षार घेऊन येतं.

आधी ओल येते कुठून ते बघा: पन्हळ, न्हाणीची मोरी, आणि बोळात फरशी घालताना बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली आहे का. ते दुरुस्त न करता पुढचं काहीही केलं तरी पैसे गेले. मग जुना ऑइलपेंट आणि गिलावा ओलीच्या रेघेवर हातभर उंचीपर्यंत काढा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून घमेल्यात गोळा करा आणि फेकून द्या. भिंत धुऊ नका, मीठ विरघळून परत आत जातं. नंतर बिनछपाईच्या टिशू कागदाचा लगदा आरओच्या पाण्यात करून १ सेंटिमीटर जाडीनं थापा, बोअरचं पाणी नको, त्यात क्षार असतात. वाळताना तो आतलं मीठ ओढून घेतो. तो वाळून सुटेपर्यंत हात लावायचा नाही, मग काढून टाका. असं दोन-तीनदा. मग भिंत उघडी ठेवा. जाड भिंत सुकायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब आहे. आपली दीड फुटाची, म्हणजे दीडेक वर्ष. पाहुणे नावं ठेवतील, ठेवू देत.

गिलावा चुन्याचाच, एकास तीन, एका थराला १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, वरून नीरूचा, म्हणजे बारीक गाळलेल्या चुन्याचा, हात. आठवडाभर ओलं बारदान लावून सावलीत ठेवा. झटकन सुकलेला चुना दगड होत नाही, भुगा होतो. पिशवीतली पावडर आणाल तर चिमूटभर व्हिनेगरमध्ये टाकून बघा. जोरात फसफसली तर ती शिळी, परत द्या. कळीचा चुना विरवणार असाल तर चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही; तो उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा, हातमोजे. शेवटी चुन्याचीच सफेदी.

भिंतीचे फोटो पाठवताना शेजारी मोजपट्टी धरा आणि ओलीच्या रेघेवर पेन्सिलनं तारीख घाला, म्हणजे ती वर चढते की उतरते ते मला इथून कळेल.

तुमची,
मनू

ता. क. आई, पुढच्या महिन्यात मैत्रीण सांगलीहून येतेय. तिच्याबरोबर मेतकूट, कांदालसूण मसाला आणि हळद दे. पेढे आणि तूप देऊ नकोस. युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, विमानतळावरच काढून टाकतात.