सुभेदार साहेब, तुम्ही उभे राहिलात म्हणून

सुभेदार साहेब, सा. न.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे माहीत आहे, सूनबाई वाचून दाखवतील या भरवशावर लिहालोय. मी येळ्ळूरचा, भाजीच्या गाडीवाला. नाव सांगून आठवणार नाही, पण बायकोच्या खांद्यावर सगळं वजन टाकून जो खेकड्यासारखा तिरका तिरका तुमच्या कंबर-मणक्याच्या दवाखान्यात आला, तो मी.

अकरा वर्षं झाली, रात्री मार्केट यार्डात बीन्स, कोबी, ढबू भरायची आणि जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरून पहाटेला म्हापशात खाली करायची. त्या रस्त्याबद्दल काय बोलू, पावसाळ्यात जो गेलाय त्याला सांगायला नको. श्रावणात एका रात्री कणकुंबीच्या पुढं गाडी खड्ड्यात आपटली आणि कमरेतून निघालेला करंट डाव्या पायाच्या अंगठ्यात जाऊन थांबला. तिथनं बसणं बंद. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, झोप पोटाखाली उशी घेऊन मिळेल तेवढी.

तुमच्याकडं यायच्या आधी दुसरी दारं झाली. एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही, घेऊन काय करू) टोकन घेऊन दोन तास भिंतीला टेकून होतो, नंबर आल्यावर आत गेलो तर तिथल्या डॉक्टर साहेबांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडं धरली, गादी सरकलीय, शीर दबलीय, ऑपरेशन करायला लागेल, पैशाची सोय करा, बसा. मी म्हटलं बसता येत नाही साहेब. ते परत म्हणाले, बसा. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही, पायाला हात तर लांबच. मग कुणीतरी हाडवैद्याकडं नेलं, त्यानं पालथं पाडून कमरेवर गुडघा दिला, मी बोंबललो तर म्हणतो वाजलं बघ, बसलं. काही बसलं नव्हतं, उलट त्या रात्री पाय आणखी पेटला. आणि ज्या दलालाची भाजी अकरा वर्षं एक दिवस न चुकता पोचवली त्यानं चौथ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर लावला. लावू दे, त्याचाही धंदा आहे, पण एक फोन करायला किती पैसे पडतात?

अशा अवस्थेत तुमच्याकडं आलो. टेबलाच्या पलीकडं तुम्ही, अलीकडं पेशंटची खुर्ची. मी खुर्चीकडं बघून जरा घाबरलोच, आता हे पण बसा म्हणणार. तुम्ही माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, स्वतःची खुर्ची पायानं मागं सारली आणि उभे राहिलात. म्हणालात, "तुला बसता येत नाही तर मी कशाला बसू? बोल, सावकाश बोल." आणि पाऊण तास आपण दोघंही उभ्यानं बोललो. मधेच तुम्ही टेबलाच्या कडेला हात टेकून एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत होता, मला वाटलं सवय असेल. तुमच्या उजव्या गुडघ्याचं काय झालंय ते मला तिसऱ्या खेपेला सूनबाईंनी सांगितलं. साहेब, मी त्या दिवशी गाडीत आडवा पडून रडलो, दुखत होतं म्हणून नव्हे.

तुम्ही स्वतःबद्दल कमी बोलता, पण व्यायाम करून घेताना तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. बारावी सायन्स होऊन भरती, आपल्याच बेळगावात मराठा सेंटरला ट्रेनिंग, घर इतकं जवळ आणि तरी आईची भेट नाही. बँडमध्ये ड्रम वाजवायचा. मला वाटायचं बँडवाले म्हणजे परेडपुरते, लढाईत त्याच पोरांच्या खांद्यावर स्ट्रेचर येतं हे तुमच्याकडनं कळालं. १९८७ ला शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेलात आणि जाफन्यात जखमी वाहिलेत. वरचा माणूस हलू नये म्हणून खालच्यानं वाकडं चालायचं, कंबर तिथंच गेली म्हणालात, आणि लगेच "हं, टाच दाब" म्हणून विषय बदललात.

पेन्शन आल्यावर बरोबरीचे लोक बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, तुम्ही फंडाचे पैसे घेऊन चाळिशीत मलेशियाला कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणका-सांधे हातानं दाबून उपचार करायची विद्या, शिकायला गेलात. भाऊबंद हसले असणारच, घरावर स्लॅब टाकायचा सोडून हाडं मोडायला शिकतोय म्हणून. पण असं करणारे तुम्ही काय पहिले फौजी नव्हे, अमेरिकेत १९४४ च्या कायद्यानं दुसऱ्या महायुद्धातनं परतलेल्यांना सरकारी खर्चानं शिकता आलं, त्यातले बरेच याच विद्येकडं वळले, हे तुम्हीच सांगितलंत. तिथं खर्च सरकारनं केला, इथं तुमच्या फंडानं.

मला आवडलं ते हे की आपल्याच विद्येची तुम्ही फुशारकी मारत नाही. पामर नावाच्या माणसानं १८९५ ला एका बहिऱ्या झाडूवाल्याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, तिथनं हे सगळं सुरू झालं म्हणतात. मी म्हटलं खरंच? तर तुम्ही, "मला नाही पटत. कान दुखला तर कानाच्या डॉक्टरकडं जायचं." कट्ट करून वाजतं ते हाड जागेवर बसल्याचं नव्हे, सांध्यातल्या हवेचा बुडबुडा असतो, हेही सांगितलंत. तो हाडवैद्य आठवला. आणि पहिल्या दिवशी तर तुम्ही वाजवलंच नाही काही, पाय उचलून बघितला, अंगठा वर करायला लावला, टाचणी टोचली, लघवीचं विचारलं. मग बायकोला चिठ्ठी लिहून दिली: लघवी अडली, दोन्ही मांड्यांच्या मधे बधिर झालं किंवा पाऊल उचलेना झालं तर माझ्याकडं येऊ नका, रात्रीचे बारा असले तरी हॉस्पिटल गाठा. ती चिठ्ठी अजून देव्हाऱ्यात आहे, बायको काढू देत नाही.

दहा आठवडे लागले. तुमच्या हातानं किती आणि दिवस गेल्यानं किती, विचारलं तर म्हणालात, "निम्मं तरी दिवसांनी केलं असेल, उरलेलं तू चाललास म्हणून." एवढं खरं बोलून धंदा कसा चालतो तुमचा, देव जाणे. माणसाला बरं करणं सगळ्यांना जमत नाही मान्य आहे, पण समोरचा उभा आहे की बसलाय एवढं बघायला कुठली डिग्री लागते? ज्यांना लागायला नको त्यांनाच लागते असं दिसतंय.

आता आठवड्यातनं तीन खेपा मारतो, गाडी साखळीत थांबवून खाली उतरतो, पाच मिनिटं चालतो. दुसऱ्या दलालाची भाजी धरलीय.

सुगी झाल्यावर आमच्या शेतातल्या बासमतीची दहा किलोची पिशवी तुमच्या दारात ठेवणार आहे. मागं रताळी ठेवली तर तुम्ही पिशवीत शंभराची नोट टाचून परत पाठवलीत, तसं यावेळी करू नका. बायको म्हणालीय, नोट आली तर तीच पिशवी घेऊन ती स्वतः येईल आणि भात शिजवून वाढल्याशिवाय उठणार नाही. तिचं ऐकावं लागतं, माझं चालत नाही.

तुमचा,
येळ्ळूरचा गाडीवाला