प्रीतिभोजनाचे कूपन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ख्रिस्ती मंडळीतील प्रीतीवरचा लेख वाचला. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय त्यांनी लग्नपत्रिकेवरच्या मजकुरासारखा वापरला, याचे वाईट वाटले. प्रेषित पौलाने तो नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. ज्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे तट पडले होते, भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता आणि प्रभुभोजनाला एक जण भरपेट जेवताना दुसरा उपाशी राहत होता, त्या मंडळीला त्याने तो कळवळून लिहिला. जेवणातल्या या भेदावरचा अकरावा अध्याय सोडून तेरावा वाचताच येत नाही.

तो अकरावा अध्याय आमच्या घराने सोसला आहे. माझे वडील दवाखान्यात वॉर्डबॉय होते. निवृत्तीनंतर आजारपणात चर्चची दीड वर्षाची वर्गणी थकली. त्या नाताळात उपासनेनंतर कंपाउंडमध्ये प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीची एकत्र पंगत, होते. वर्गणी पूर्ण भरणाऱ्यांनाच कूपन, असे चर्चच्या पंचांनी ठरवले होते. आम्हाला कुणी सांगितले नव्हते. माझ्या सात वर्षांच्या मुलाचा हात धरून वडील रांगेत उभे राहिले. पुढे पोहोचल्यावर एका पंचांनी सगळ्यांदेखत म्हटले, “बाबा, आधी वर्गणी भरा.” वडिलांनी नातवाच्या हातातली पत्रावळ काढून घेतली, गठ्ठ्यावर परत ठेवली आणि घरी आले.

पुढे नऊ वर्षे ते जगले. चालता येत होते तोवर उपासनेचा एकही रविवार चुकवला नाही. पण बसायचे शेवटच्या बाकावर, आणि आशीर्वाद झाला की लगेच निघायचे. कंपाउंडमध्ये पुन्हा कधी थांबले नाहीत. त्या नाताळच्या संध्याकाळी मंडळीतल्या एक विधवा मावशी स्वतःच्या वाट्याचे जेवण डब्यात घालून आमच्याकडे आल्या होत्या. वर्गणीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. प्रीतीवर लिहायचे तर त्यांच्यावर लिहावे.

वर्गणी लागते, हे मला कळते. पाळकांचा पगार, वीजबिल, छपराची डागडुजी यांना पैसा लागतोच. पण पंगतीत तो मागू नये. लेखात पंडिता रमाबाईंचे नावसुद्धा नाही! 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. आपल्याच जिल्ह्याशेजारचे हे उदाहरण लेखकाला आठवू नये?

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. गेल्या गुड फ्रायडेला आपल्या अंकात ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारी जाहिरात होती. तो ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस. दुपारी बारा ते तीन आम्ही वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन करत बसतो. शुभेच्छा ईस्टरला द्याव्यात. जाहिरात विभागाला एवढे कळवावे, ही विनंती.

– एक वाचक, अहिल्यानगर