जावाला जाताय तर तिथलं जेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की टूरच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यात एक ओळ हमखास असते, "रोज आपलं घरगुती जेवण". हीच ओळ वाचून मीपण बुकिंग केलं होतं, म्हणून हे पत्र लिहितेय.

मागच्या वर्षी मी आणि मिस्टर एका ग्रुपबरोबर इंडोनेशियातल्या जावा बेटावर गेलो. योग्यकर्ता शहर (तिथे सगळे जोगजाच म्हणतात), बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप, प्रंबननची हिंदू देवळं, ब्रोमो ज्वालामुखी असा सहा दिवसांचा कार्यक्रम, आणि सहाच्या सहा दिवस दोन्ही वेळेला वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या. त्यासाठी दुपारी बस परत हॉटेलवर फिरवायची, जाण्यायेण्यात ट्रॅफिकमध्ये वेळ जायचा तो वेगळाच. प्रंबननला शिवाच्या देवळाच्या कठड्यावर आतल्या बाजूने रामायण कोरलंय, प्रदक्षिणा घालत घालत ते बघायचं असतं, आणि पश्चिमेच्या गाभाऱ्यात चक्क गणपती आहे, नवव्या शतकातला. त्याच्यासमोर हात जोडले नाहीत तोवर खालून हाका सुरू झाल्या, चला, जेवण गार होतंय. मला खरंच रडू आलं त्या दिवशी.

ग्रुप परत गेला, आम्ही मुद्दाम पाच दिवस मागे राहिलो. पहिल्याच सकाळी जोगजाच्या बरिंगहार्जो मार्केटला गेलो तर बाहेर म्हाताऱ्या बायका पाट्या घेऊन ओळीने बसलेल्या. पेचल विकतात. म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या, मोड आलेले मूग, चवळीच्या शेंगा आणि त्यावर शेंगदाण्याची पातळसर चटणी, गूळ, चिंच, मिरची घातलेली. केळीचं पान हातावर घेतलं, एका बाजूने दुमडलं, बारीक काडी टोचली की झाला द्रोण, त्याला पिंचुक म्हणतात. त्या आजींनी माझ्याकडे बघून मिरची कमी घातली, मी हाताने खुणावलं अजून घाला, तर हसल्या आणि टेम्पेचा एक तुकडा वर ठेवला. टेम्पे म्हणजे सोयाबीन आंबवून बांधलेली वडी, ती मुळात जावाचीच. तळली की कडा कुरकुरीत होतात आणि आतला दाणा न् दाणा दाताखाली येतो.

गुडेग तर मी अजून विसरले नाहीये. कोवळा फणस, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून मंद आचेवर तासन् तास शिजवतात, रंगासाठी सागाची पानं टाकतात त्यामुळे तपकिरी होतो. गोडसर लागतो, पहिल्या घासाला जरा विचित्र वाटतं, पण भाताबरोबर चौथ्या घासाला पटतं.

शाकाहारी लोकांची भीती मला कळते, आम्ही दोघंपण शाकाहारीच. गुडेगबरोबर क्रेचेक म्हणून येतं ते जनावराच्या कातड्याचं असतं, ते नको सांगायचं. सांबाल म्हणजे तिथली मिरचीची चटणी, त्यात बऱ्याचदा तेरासी असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, पेचलच्या चटणीतपण असू शकते म्हणून आधी विचारायचं. "तानपा तेरासी", तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ केले की खूप काम होतं. कोणी तोंड वाकडं केलं नाही, उलट एका वारुंगवाल्या (वारुंग म्हणजे छोटी खाणावळ) बाईंनी आमच्यासाठी वेगळी चटणी खलात वाटून दिली.

आणि क्लेपॉन! तांदळाच्या पिठाच्या छोट्या हिरव्या गोळ्या, आत गूळ, वरून ओला नारळ. मोदकाचं सारणच, फक्त नारळ बाहेर आलाय. अख्खी तोंडात टाकायची आणि तोंड मिटून चावायची, नाहीतर पातळ झालेला गूळ अंगावर उडतो. मिस्टरांनी डोळे मिटून खाल्ली आणि म्हणाले, आईच्या हातचं आठवलं.

नंतर ट्रेनने पूर्वेला गेलो, बालुरान नॅशनल पार्कला. पिवळ्या गवताचं मोठं माळरान, मागे डोंगर, लांबवर बांटेंग नावाची रानगुरं आणि मध्येच हिरवा मोर, आपल्या मोरापेक्षा मान वेगळी, खवल्यांसारखी चमकते, तुरा उंच आणि टोकदार. आणि बाभळी! आपलीच बाभूळ. १९६० च्या दशकाच्या शेवटी वणवा पसरू नये म्हणून तिथे लावली आणि आता तिनेच माळरान गिळायला घेतलंय, गवत कमी झालं की बांटेंगने खायचं काय. ओळखीचं झाड एवढं नुकसान करताना बघून वाईट वाटलं.

ब्रोमोबद्दल फार लिहीत नाही, ते सगळे बघतातच. २३२९ मीटरचा धुमसता डोंगर, गंधकाचा वास, मागे सेमेरू हा दुसरा ज्वालामुखी. पण त्याच्या आजूबाजूला राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत, कासादा सणाला आपल्या शेतातला भाजीपाला, कोंबड्या वगैरे त्या विवरात अर्पण करतात, हे मला परत आल्यावर वाचून कळलं. तिथे उभी असताना माझ्या हातात पॅक केलेला उपमा होता आणि शेजारच्या टपरीत एक तेंगर बाई निखाऱ्यावर कणसं भाजत होत्या. त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच.

ज्यांना पथ्य आहे, ज्यांचं वय झालंय त्यांना घरचं जेवण मिळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण टूरवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दिवसातून एक जेवण तरी तिथलं ठेवा, शाकाहारी काय मिळतं ते आधी शोधून ठेवा, आणि जेवणासाठी बस फिरवून देऊळ कमी करू नका. तुम्हालाही विनंती, रविवारच्या पुरवणीत इंडोनेशिया म्हटलं की बालीच येतं, एकदा जावाबद्दल सविस्तर छापा, त्यात कुठे काय खायचं आणि काय विचारून घ्यायचं तेपण येऊ दे. आम्ही दोघं पुढच्या वर्षी परत जाणार आहोत, या वेळी ग्रुपशिवाय, आणि ब्रोमोला कणीस खाणार आहोत.

आपली,
एक नियमित वाचक