सर, खारपाण पट्ट्यातल्या घरांसाठी तुमचे आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात तुमचे शोधनिबंध, पीएच.डी. झालेले विद्यार्थी, तुम्ही काम केलेल्या समित्या, सगळं वाचून दाखवलं. ऐकताना ऊर भरून आला. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तुम्ही जे केलं ते मात्र त्यात नव्हतं. ते चार लोकांना कळावं म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंती मग तिरप्या चिरतात. लोक बोल लावायचे मिस्त्रीला, नाहीतर सिमेंटला. तुम्ही शाळेच्या ओसरीवर काचेच्या दोन मोजनळ्या मांडल्या, दोन्हींत चाळलेली 10-10 ग्रॅम माती टाकली; एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. 24 तास कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती खालीच बसलेली आणि पाण्यातली कितीतरी वर चढलेली. म्हाताऱ्या बायासुद्धा नळीला डोळा लावून रेघा मोजत होत्या. घर का चिरतं, हे त्या दिवशी गावाला उमगलं. आम्हा मिस्त्री लोकांवरचा बोल गेला, त्याचं मोल मी काय सांगू!

मग तुम्ही रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल ओतायचा काँक्रीटचा खांब, समजावला. साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे माती ऋतूप्रमाणे हलत नाही तिथवर न्यायचा, आणि बुडाशी दांड्याच्या अडीच पट रुंद फुगवटा द्यायचा, लोट्यासारखा. वरचा बीम जमिनीला टेकू द्यायचा नाही, खाली पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला उचलत नाही. अंगणवाडी तशीच बांधली. तिच्या भिंतीला आजवर चीर नाही.

पाण्याचंही तुम्हीच डोक्यात बसवलं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं, म्हणून तर हा खारपाण पट्टा. त्यात कालवलेल्या काँक्रीटमधली सळई गंजते, गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे खाली येतात. सळईच्या कामाला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइडचं पाणी चालत नाही, हा आकडा आज माझ्या हाताखालची पोरंही सांगतात. "मिस्त्री, आधी पाणी चाखून पाहा, मंग थैली फोडा," असं तुम्ही वऱ्हाडीत बजावलं होतं. चाखून खारट लागलं तर ते पाणी बादच, आणि गोड लागलं तरी तपासून घ्यायचं, हेही तुमचंच. घरकुलाच्या कामालाही मी आता नळाचंच पाणी घेतो, टँकर लागला तरी मालकाला समजावतो.

एवढे मोठे प्राध्यापक, पण रविवारी एसटीने यायचे, गिट्टीच्या ढिगावर बसून आमच्यासोबत चहा घ्यायचे. मानधनाचा विषय कधी काढू दिला नाही. सर, तुमचे मनापासून आभार.

समाजमंदिराचं काम निघालं आहे. दिवाळीनंतर पाइलचे खड्डे घ्यायचे ठरलं. आता वेळ आहे तर काकूंनाही घेऊन या. मुक्काम आमच्याच घरी करायचा.

आपला,
दर्यापूर तालुक्यातला एक मिस्त्री