गारवा पाइपानं द्या, पण पाणी कुठलं?

संपादक साहेब, नमस्कार.
लातुरात मे महिन्यात कुठल्याबी नव्या अपार्टमेंटच्या मागं जाऊन बघा, गॅलऱ्यागॅलऱ्यांत एसीचे आउटडोअर लटकलेत अन् सगळी गरम हवा शेजारच्या पत्र्याच्या घरांवर. गुजरातेत गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या नव्या ऑफिसांच्या वसाहतीत एकाच प्लांटात पाणी थंड करून जमिनीखालून पाइपानं बिल्डिंगांना देतात, मग दर ऑफिसात वेगळा कॉम्प्रेसर लागत नाही. आपल्याकडं नव्या वसाहतींचे रस्ते करतानाच हे पाइप टाकायला काय हरकत आहे, नंतर खोदत बसणं कुणाला परवडतंय? फक्त असल्या प्लांटची उष्णता पाणी वाफवून बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरला पाणी लै लागतं, अन् २०१६ ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालोय, त्यामुळं सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तरच हात घाला.
– एक वाचक, लातूर